माझ्या मागं तिच्यासाठी ठेवलेली पेन्शन

बायकोले जाळून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक बसायले येऊ लागले. आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, छत्तीसगढी शेजारी, भनपुरीच्या जुन्या मिलमधले एक-दोघं, अन् समता कॉलोनीतल्या मराठी बाया, ज्यांच्या घरचं धान्य ती निवडून देत होती. सगळ्यांचं बोलणं एकाच रस्त्यानं जाई. आधी म्हणत, सवाष्ण गेली, भाग्याची होती. मग माझ्याकडे पाहून म्हणत, तुमची पेन्शन आहे हे बरं आहे, कोणाच्या तोंडाकडे पाहायचं काम नाही. मी मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, उठा आता, घरी जा.

ती पेन्शन मी माझ्यासाठी ठेवलीच नव्हती. तिच्यासाठी ठेवली होती, मी मेल्यावर तिले मिळावी म्हणून. अन् ती ठेवायसाठी, जिती असताना तिनं माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती, ती मी दिली नाही.

नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्या सालची गोष्ट आहे. मी तेव्हा भनपुरीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होतो. लाल झालेली सळाख सांडशीनं धरायची अन् रोलमध्ये घालायची, हे काम. जवान होतो तोवर जमलं. मग डोळे चुरचुरायले लागले, हात थरथरायले लागले. अशा कामात हात थरथरला का शेजारचा मरते. त्याच वेळी शहरात जिकडं तिकडं नवीन ऑफिसं निघून राहिली होती, अन् प्रत्येक ऑफिसले गार्ड पाहिजे होते. मले एका एजन्सीत गार्डची नोकरी भेटली. टोपी, शिटी, दांडा. मिलमधून जाताना टाइमकीपर बाबूनं मले बसवून घेतलं. फंडाचे पैसे तर पोरीच्या लग्नात आधीच काढून झाले होते. उरलं होतं पेन्शनचं.

बाबू म्हणे, "देखो भैया, पेन्शन की स्कीम ही पंचानबे में आई, उसमें तुम्हारे दस साल पूरे नहीं हुए. चाहो तो पेन्शन का पैसा निकाल लो, बात खतम. नहीं तो सर्टिफिकेट बनवा लो. नई नौकरी के साल इसमें जुड़ जाएँगे. दस पार हो गए तो अट्ठावन के बाद हर महीने मिलेगी, मरते दम तक."

मी विचारलं, "और मैं मर गया तो?"

"तो भाभी को मिलेगी. आधी. जब तक जिएगी."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. माझी माय रांडाव झाली तेव्हा मी लहान होतो. आम्ही मामाच्या घरी राहिलो. मामा वाईट नव्हता. पण माय सगळ्यांचं जेवण झाल्यावर गंजात, पातेल्यात, काय उरलं ते पाहून मग स्वतःचं ताट वाढे. डोकं दुखलं तरी चहा मागे नाही. मामीनं केला तर पिये. ते मी पाहत मोठा झालो. माझी बायको माझ्याहून पुष्कळ लहान, अन् मी भट्टीत छाती भाजलेला माणूस. आधी मीच जाणार, यात मले काही शंका नव्हती. तिलेही नसन असं मी धरून चाललो.

घरी येऊन तिले सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ऐकलं.

"म्हणजे आत्ता पैसा भेटू शकते?"

"भेटू शकते, पण..."

"पण-बिण राहू द्या. मले चक्की घ्यायची हाय."

चक्कीचं सांगायले पाहिजे. रायपूर भाताचा मुलूख. चक्कीवर गहू येते, तांदूळ येते, चण्याची डाळ येते. आमच्यासारखे विदर्भातून आलेले लोक ज्वारीचा डबा घेऊन गेले का चक्कीवाला तोंड वाकडं करे. "दीदी, ज्वार बाद में." सगळ्यांचे गहू झाल्यावर आमचा डबा. त्यातही आधीच्या गव्हाचं पीठ मिसळून येई, भाकर थापताना हाताले समजे. अन् उपासाच्या पिठाचं तर विचारूच नका. भगर, राजगिरा गव्हाच्या चक्कीत टाकला तर उपास मोडला. म्हणून नवरात्राच्या आधी समता कॉलोनीतल्या बाया हिच्याकडे डबे पाठवत. आमच्याकडे जातं होतं. ही पहाटे उठून दळून देई, अन् दिवसभर खांद्याले तेल चोळत बसे. तिचं म्हणणं होतं, एक लहान चक्की घ्यायची. त्यात गहू टाकायचाच नाही. ज्वारी, बाजरी, अन् महिन्यातले ठरलेले दिवस धुऊन-पुसून फक्त उपासाचं. गिऱ्हाइकं तिनं आधीच मनात धरून ठेवली होती. अन् बाजूच्या पाऱ्यातला एक म्हातारा चक्कीवाला काम बंद करून गावी चालला होता, मोटरीसकट विकून राहिला होता. ती जाऊन पाहून पण आली होती. मले न सांगता.

मी म्हटलं, "अन् मी मेल्यावर काय करशीन?"

"चक्की चालवीन."

"चक्की बंद पडली तं?"

"अवो, चक्की बंद पडली तं दुरुस्त होते. तुमी बंद पडल्यावर मले जे भेटन, त्याची वाट पाहत बसू का मी?"

"तुले समजत नाही."

"मले हे समजते का मी जिती आहो तवा तुमी मले मोलकरीण ठेवून राहिले, अन् स्वतः मेल्यावर राणी करून राहिले."

मी चिडलो. म्हटलं, माय कशी जगली ते तू पाहिलं नाही. ती म्हणे, "तुमच्या मायच्या हाताले काम नव्हतं, म्हणून तशी जगली. माया हाताले काम हाय. नुसती मशीन द्या."

आता वाटते का तिनं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. तेव्हा मले ते तोंड चालवणं वाटलं. उलट मी गप्प बसलो तर ती समजली का मी विचार करून राहिलो. मी विचार करत नव्हतो. पुढच्याच हप्त्यात मिलमध्ये जाऊन मी सर्टिफिकेटच्या कागदावर सही करून आलो. घरी सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणत दिवस काढले. खरं म्हणजे तिच्या तोंडाची भीती वाटत होती, अन् मनात हेही होतं का घरचा मालक मी आहो, कागद माझा आहे.

मग एक दिवस तो म्हातारा चक्कीवाला दारात आला. मी खाटेवर बसून गार्डचे बूट पुसत होतो. तो तिले म्हणे, "का करबे बाई? लेबे के नहीं? दूसर घलो पूछत हे." म्हणजे घेते का नाही, दुसराही एक विचारून राहिला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं होतं का आता हे हो म्हणतीन. मी बुटाकडे पाहत म्हटलं, "नाही घ्यायची. कागद देऊन झाला."

त्या परक्या माणसासमोर तिले ते समजलं. ती आत गेली, त्याच्यासाठी चहा करून आणला, कपबशी त्याच्या हातात दिली अन् म्हणे, "भैया, दूसरे को दे दो. हमारा नहीं जमेगा." आवाज अगदी साधा. मले वाटलं होतं रडन, भांडन. भांडली असती तर माझं मन हलकं झालं असतं.

ती चक्की मग त्याच पाऱ्यातल्या एका माणसानं घेतली. चांगली चालली. शहर वाढत गेलं तसा त्याचा धंदा वाढला. माझी बायको तिथंच ज्वारीचा डबा घेऊन जाई अन् लायनीत उभी राही. तो नवीन मालकही तिले म्हणे, "दीदी, ज्वार बाद में." एकदा मी ड्यूटीवरून येताना पाहिलं. डबा पायाजवळ ठेवून, पदर कंबरेले खोचून, ती चक्कीच्या पट्ट्याकडे पाहत उभी होती. मी सायकलवरून उतरलो नाही. तसाच पुढं निघून गेलो.

त्या साली वटपौर्णिमेले मी तिच्यासोबत वडापर्यंत गेलो. इथल्या बायांची वडाची पूजा अमावस्येले असते, आमची पंधरा दिवसांनी पौर्णिमेले. म्हणून आमच्या बाया जातात तेव्हा वडाले आधीच सूत गुंडाळलेलं राहते, धुळीनं मळलेलं. त्यावरच ही आपलं नवीन सूत गुंडाळे. मी सावलीत उभा होतो. फेरे झाल्यावर आली, प्रसादाचा आंबा हातात दिला. मी गंमत करावी म्हणून विचारलं, "काय मागितलं?"

"तुमची पेन्शन मले भेटू नये, हे मागितलं."

मी म्हटलं, "पाह्य इथं! मी तुयासाठी करून राहिलो अन् तू असं बोलते?"

"मंग काय मागू? सवाष्ण मरू दे म्हणून आमी बाया दरसाल उपाशी राहतो. तुमी अन् तुमचा बाबू बसून माया रांडावपणाची सोय करता. देवानं ऐकावं कोणाचं?"

बाजूच्या दोन-तीन बाया फिसकन हसल्या. मीही हसलो, काहून का लोकांसमोर दुसरं काय करणार. पण मले लागलं. मी तिचं भलं केलं असं मानून बसलो होतो, अन् तिच्या लेखी मी तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलेलं पाहत होतो, आधीपासूनच, घरात बसून, चहा पीत. तेव्हाही मी ऐकलं नाही. म्हटलं, बायांचं बोलणं आहे.

साल गेले. गार्डच्या नोकरीतले साल मिलच्या सालात जोडले गेले, दहाच्या वर झाले. अठ्ठावन्न झाल्यावर पेन्शनचा फॉर्म भरायची वेळ आली तर त्याले नवरा-बायकोचा जोडीचा फोटो पाहिजे होता. लग्नानंतर आमचा जोडीनं फोटो झालाच नव्हता. गोल बाजाराजवळ एका स्टुडिओत गेलो. ती हिरवं लुगडं नेसून आली, जे लग्नाकार्यात नेसे. फोटोवाला म्हणे, "दीदी, थोड़ा मुस्कुराइए."

ती मले हळूच म्हणे, "हे फोटो पाहूनच देतीन ना मले पैसे, तुमी मेल्यावर?"

"हव."

"मंग हसू कशी? म्हणतीन, बुढी आधीच खूश होती."

मले हसू आलं, अन् फोटोत मीच हसलेला आलो. ती सरळ पाहून राहिली.

पेन्शन सुरू झाली. मोठी नाही, पण दर महिन्याले बँकेत येई. आता तरी मी तिच्या हातात द्यायले पाहिजे होती. दिली नाही. मी म्हणे, हे तुयाच नावाचं समज, तसंच राहू दे, पुढं कामी येईन. गार्डची नोकरी सुटली तरी एका गोदामात राखणदारी करून मी घर चालवलं, पण ती पेन्शन काढली नाही. मले अभिमान वाटे. पासबुक भरून आणलं का तिले दाखवे. ती चष्मा लावून पाहे अन् परत देई. एकदा म्हणे, "असं करा, त्यातून मले एक पाटा-वरवंटा तरी घेऊन द्या, घरचा झिजला." तेही राहून गेलं.

ती गेली ते अचानक. सकाळी नळावर पाणी भरत होती, तिथंच एक हात लटका पडला, तोंड वाकडं झालं. सरकारी दवाखान्यात नेलं. डोळे उघडे होते, बोलता येत नव्हतं. मी तिचा चांगला हात धरून बसलो. मले बोलायचं होतं. बोललो नाही. काय बोलणार होतो, चक्की घेऊ म्हणून? दुसऱ्या दिवशी गेली.

बायांनी तिले हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. पाऱ्यातल्या बाया तिच्या पायाले हात लावून तेच कपाळाले लावत होत्या. "सुहागिन गे," सवाष्ण गेली, म्हणत होत्या. मी भिंतीले टेकून पाहत होतो. तिनं जे वडाले मागितलं ते तिले भेटलं होतं. अन् मी जे तिच्यासाठी इतके साल राखून ठेवलं, ते ज्या दिवसासाठी होतं, तो दिवसच आला नाही. सगळं जसंच्या तसं बँकेत पडलेलं, अन् ती लाकडावर.

त्या साली पेन्शनवाल्यांनी जिवंत असल्याचा दाखला द्यायची वेळ आली. दरसाल द्यावं लागते, नाही तर पेन्शन बंद होते. मी गेलो नाही. कोणाले सांगितलंही नाही. मनाशी म्हटलं, होऊ दे बंद. तिले भेटली नाही, मलेही नको. दोन महिने बरंही वाटलं. वाटलं, काहीतरी फेडून राहिलो.

बँकेचा मेसेज माझ्या पोरीच्या मोबाइलवर जाते. पोरगी नागपूरले राहते. तिचा फोन आला.

"बाबा, पेन्शन काहून नाही आली?"

"नाही आली तं नाही आली."

"दाखला दिला का?"

मग तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. चक्कीचं सगळं सांगितलं, दारातल्या त्या चहासकट. म्हटलं, मी पापी माणूस आहो, तुया मायचं हिसकून ठेवलं, आता मले ते खायचं नाही.

पोरगी म्हणे, "मले चक्कीचं माहीत आहे. आईनं सांगतलं होतं."

मी विचारलं, "काय म्हणे?"

"म्हणे, तुया बापाले भीती वाटे का मी उपाशी मरीन. मानूस वाईट नाही. पण मले कधी विचारलं नाही, अन् सांगतलं तं ऐकलं नाही."

"मंग? खरंच आहे ते."

"मंग आता तुमी काय करून राहिले बाबा? तेच. तवा बी पैशाले हात न लावता ठेवला, आता बी हात न लावता सोडून राहिले. दोन टाइम जेवता का नाही ते शेजारच्या काकीले विचारावं लागते मले. आईनं हेच पाहायचं होतं का? याले तुमी शिक्षा म्हणता? हे तं तुमची जुनी सवय आहे."

मले राग आला. फोन ठेवून दिला. मग खाटेवर बसून राहिलो अन् दुपारभर तिच्या बोलण्यात खोट शोधली. सापडली नाही. मले वाटत होतं मी बायकोसाठी काहीतरी सोडून राहिलो. पण सोडणं अन् ठेवणं मले एकसारखंच येते. फक्त खर्च करणं येत नाही, द्यायचं येत नाही. मिलमध्ये हात भाजून, गेटवर उभं राहून जे मिळवलं, ते एका जित्या माणसाच्या हातात ठेवायची अक्कल मले आयुष्यभर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दाखला द्यायले गेलो, चौकातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरीकडे. तिनं यंत्रावर अंगठा ठेवायले लावला. घेईना. सळाखा ओढून माझ्या अंगठ्याच्या रेघा केव्हाच गेल्या. तिनं कापडानं पुसला, तेल लावलं, दुसरं बोट घेतलं. मध्येच स्क्रीनवर पाहून विचारलं, "बाबा, दोबारा शादी की है?"

मी म्हटलं, "काहे, तेरी नजर में है कोई?"

ती लाजली. "सबसे पूछना पड़ता है बाबा."

"नहीं की."

"पत्नी का नाम आ रहा है इसमें. वो हैं?"

"नहीं."

"तो आपके बाद किसी को नहीं मिलेगी, बंद हो जाएगी. बता दे रही हूँ."

मी म्हटलं, "बंद होने दे बेटा. बहुत रख लिया."

शेवटी डाव्या हाताचं बोट घेतलं यंत्रानं. कागद निघाला. तिनं माझ्याकडे देत म्हटलं, "हो गया. साल भर के लिए आप जिंदा."

पेन्शन पुन्हा चालू झाली, थकलेलीही आली. आता दर महिन्याले बँकेतून काढतो. किराणा आणतो, गोळ्या आणतो, बिलं भरतो. पोरीले सणाले पाठवतो, तर ती म्हणे राहू द्या, तरी पाठवतो. ताटावर बसलो का पहिला घास घशात अडते. हे तिच्या वाटणीचं आहे, हे मले दर घासाले माहीत राहते. पाण्याचा घोट घेतो अन् खातो. नाही खाल्लं तर ते पुन्हा ठेवणं होते.